एका रात्रीत चार बोटं

त्या दिवशी आभाळ निळीत बुडवून वाळत घातलेल्या धोतरासारखं होतं. स्वच्छ, कुठे सुरकुती नाही. आश्विनातली सकाळ, नवरात्राची पाचवी माळ. गंगामाई पुराचं पाणी घेऊन केव्हाच खाली उतरली होती, पण ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर तिचा गाळ अजून होता आणि ऊन चढलं की त्याचा ओला वास गल्लीत शिरायचा. उकाडा गेलेला, थंडी यायची होती. असा दिवस, की माणसाला वाटावं, आज आपल्या हातून काही चुकीचं होणंच शक्य नाही.

आणि नेमकं त्याच दिवशी मी सगळ्या ब्रह्मा घाटाला मक्याच्या रोपांच्या पाया पडायला लावलं.

कसं, ते सांगतो. पण माझं सगळं हळू असतं. तुमचा चहा निवला तर दुसरा ठेवू.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि मी जानवी करत होतो. माझे वडील तेच करायचे, त्यांचे वडीलही. टकळीवर सूत काढायचं, डाव्या हाताच्या चार बोटांभोवती त्याचे शहाण्णव वेढे घ्यायचे, तिहेरी करायचं, भिजवायचं, मांडीवर घासून पीळ द्यायचा, शेवटी गाठ. शाळेचं तोंड मी पाहिलं नव्हतं. मंत्र कानाने आले, अक्षरं म्हणजे मला मुंग्यांची रांग. मोजणं मात्र शहाण्णवपर्यंत पक्कं. सत्त्याण्णव म्हटलं की माझं शिक्षण संपलं.

एक खोड मात्र तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. सैल सूत मला बघवत नाही. कुणाच्या उपरण्याच्या दशा सुटलेल्या दिसल्या की माझी बोटं आपोआप तिकडे जातात. समोरचा बोलत असतो, मी ऐकत असतो, आणि बोलणं संपेपर्यंत त्याच्या सगळ्या दशा वळून झालेल्या असतात. त्याला कळत नाही. मलाही कळत नाही. खरी गोम तिथेच आहे.

आमच्या गल्लीत मराठी मंडळींची एक धर्मशाळा होती. तिच्या खालच्या दालनात समाजाची भांडी ठेवत. लग्नामुंजीची पातेली, पराती, घंगाळी, पुरुषभर उंचीचे झारे. ते दालन पंचांनी एका वर्षापुरतं सुंदराबाईंना दिलं होतं. बाई तरुण होत्या, पुण्याकडे शिकून भावापाशी काशीत आलेल्या. पाच-सहा वर्षांची नऊ मुलं घेऊन त्यांनी तिथे बालवर्ग काढला होता.

भांडी गेली कुठे? तर विसूभाऊंकडे. विसूभाऊ म्हणजे समाजाचे भांडारी आणि माझे शेजारी, भिंतीला भिंत. पातेली त्यांच्या खाटेखाली, पराती जिन्यात, झारे दाराआड. अंगणात जायला निघाले की त्यांचा पाय घंगाळ्यात.

"आबा," ते मला म्हणत, "मी घरात राहत नाही, मी भांड्यांत राहतो."

वर्ष सरत आलं होतं. पंचांचा ठराव सरळ होता. सरकारी इन्स्पेक्टर येऊन वर्ग पाहतील. त्यांनी चांगलं म्हटलं तर दालन वर्गाचं. नाही म्हटलं तर भांड्यांचं. बाईंची झोप उडाली होती. विसूभाऊंचीही, पण ती झाऱ्यांमुळे.

तर भाद्रपदात एके दिवशी बाई माझ्या ओट्यावर आल्या.

"आबा, मला सूत हवंय. न पिळलेलं, साधं. झाडं मोजायला."

"झाडांची मुंज आहे का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मुलांना फूटपट्टीवरचे आकडे कळत नाहीत, आबा. पण लांब आणि आखूड कळतं. झाड जेवढं, तेवढा दोरा कापायचा. एक दिवस सोडून एक, असे दोरे काठीला ओळीने बांधायचे. म्हणजे झाड कसं वाढलं ते लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही दिसेल."

"म्हणजे मलाही दिसेल."

"तुम्हालाच आधी," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी रोज वर्गात जाऊन बसू लागलो. मुलांना वाटलं, दहावा विद्यार्थी आला.

मुलांनी घाटावरचा गाळ टोपल्यांत आणला, मातीच्या गमल्यांत, म्हणजे कुंड्यांत भरला, त्यात मक्याचा एकेक दाणा टोचला. कोंब आले. मग मोजायचं शिकवणं सुरू झालं. तुम्हाला वाटेल, त्यात काय शिकवायचं? या माझ्याबरोबर एकदा.

एकजण दोरा गमल्याच्या काठापासून धरी, एकजण जमिनीपासून, एकजण थेट आपल्या गुडघ्यापासून. गोटू नावाचा मुलगा दोऱ्याऐवजी झाडच ओढून लांब करी. दोन दिवस मी नुसतं एवढंच शिकवलं, की खालचं टोक मातीला टेकवायचं, वरचं टोक सर्वांत उंच पानाच्या शेंड्याला, आणि मध्ये दोरा ताणायचाही नाही, लोंबू द्यायचाही नाही. बोटांचं काम ते. बोटांना घाई चालत नाही.

गोटूने एकदा चांगला वीतभर जास्त दोरा कापला. बाई म्हणाल्या, "अरे, झाड तर एवढंसं आहे."

"पण ते चांगलं आहे," गोटू म्हणाला.

"चांगलं असू दे. झाड जेवढं, दोरा तेवढाच. माया वेगळी, माप वेगळं."

आठ मुलांची झाडं आली. नववी चिमी. तिचा दाणा आला नाही, कारण ती तो रोज उकरून बघायची, आलाय का म्हणून. पुन्हा लावला, पुन्हा उकरला. शेवटी ती रडायला लागली. बाईंनी तिला भिंतीशी उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धरला आणि कापला.

"रडू नको. तुझं झाड तूच. तुला आपण आठवड्याने मोजू."

चिमीला हे इतकं पटलं की ती आपला पाट ओढून गमल्यांच्या रांगेत जाऊन बसली. झाडांना पाणी घालायची वेळ झाली की हिची ओंजळ पुढे.

असे चौदा दिवस गेले. झाडं दीडेक वीत झाली. काठीवर प्रत्येकाचे सात-सात दोरे, पायऱ्यांसारखे वाढत गेलेले. माझ्यासारख्या अडाण्यालाही एका नजरेत कळे, कुणाचं झाड जोरात आहे, कुणाचं मध्ये दोन दिवस रुसलं होतं. आता मी लिहायला शिकलोय, तरी त्या काठीवर होतं तितकं स्वच्छ मला लिहिता येत नाही.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी सातवा दोरा बांधून झाला. दिवेलागणीच्या आत बाई म्हणाल्या, "आबा, मी निघते. तेवढी काठी वरच्या खुंटीला टांगा आणि दार ओढून घ्या."

मी काठी हातात घेतली. आणि माझं लक्ष दोऱ्यांच्या टोकांकडे गेलं.

काय अवस्था होती म्हणून सांगू. न पिळलेलं सूत, नऊ मुलांचे हात लागलेले. टोकं सुटून म्हाताऱ्याच्या दाढीसारखी पिंजारलेली. उद्या साहेब येणार, आणि माझ्या हातचं सूत असं? मी खाली बसलो. गडव्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, धोतर मांडीवरून सारखं केलं आणि एकेक दोरा घेऊन पीळ द्यायला लागलो. पीळ सुटू नये म्हणून खाली बारीकशी गाठ. छप्पन्न दोरे मुलांचे. चिमीचे दोन, गेल्या आठवड्याचा आणि कालचा. एकूण अठ्ठावन्न. शहाण्णवाच्या आतले, म्हणून मोजता आले. वीणेच्या तारांसारखे ताठ झाले सगळे. मी काठी टांगली, दार ओढलं आणि समाधानाने घरी गेलो.

यात मी काही केलं, असं मला वाटलं का? मुळीच नाही. तुम्ही आज श्वास घेतलात का, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? तसं ते.

उजाडलं. तीच पाचवी माळ, तेच निळीतलं आभाळ. साहेब दुपारी यायचे होते. मुलांचा हात बसावा म्हणून बाई म्हणाल्या, चला, एकदा मोजून पाहू. आमची रीत अशी, की आधी शेवटचा दोरा झाडाला लावून पाहायचा, झाड किती पुढे गेलं ते बोटांनी मोजायचं, मगच नवा कापायचा. रोज साधारण बोटभर वाढ असे.

गोटूने दोरा लावला. "बाई, चार."

"चार काय?"

"चार बोटं."

"नीट लाव, बाळ."

नीट लावला. चार. शेजारच्या मुलीचीही चार. तिसऱ्याची साडेतीन. आठही झाडं एका रात्रीत चार-चार बोटं वर. बाई जाग्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आबा, काल मी गेल्यावर दोऱ्यांना कुणी हात लावला का?"

"छे," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

आता ऐका माझी अक्कल. नवरात्रात आपल्याकडे घटाखाली मातीत धान्य पेरतात, तुम्हाला ठाऊक आहे. ते जेवढं उंच येईल तेवढी देवी प्रसन्न. त्या नऊ दिवसांत घरोघरी बायका एकमेकींच्या घटाकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत असतात, कुणाचं किती वाढलं. आणि इथे, ऐन नवरात्रात, गंगेच्या गाळात, एका रात्रीत चार बोटं. शिवाय मोजलं कशाने? तर गायत्री म्हणत काढलेल्या माझ्या सुताने. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरले. मी हात जोडले.

"आबा," बाई हळूच म्हणाल्या, "यात काहीतरी गफलत आहे. मला जरा विचार करू द्या. तोवर कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हटलं. आणि बोललो नाहीच. बाहेर पडलो, तर ओट्यावर विसूभाऊ दात घासत बसलेले. त्यांनी विचारलं, "काय आबा, रडताय कशाला?" आता शेजाऱ्याने विचारल्यावर खोटं कसं सांगणार?

विसूभाऊंनी चूळ भरली आणि सरळ दालनात जाऊन स्वतः दोरा लावून पाहिला. बाहेर आले ते अनवाणी. वहाणा आतच सोडल्या.

तासाभरात पलीकडच्या दूधविनायक मोहल्ल्यापर्यंत खबर गेली. पहिल्या आल्या बनूआत्या. काठी टेकत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी गमल्यांना हळद-कुंकू वाहिलं, गोटूच्या झाडाची खणानारळाने ओटी भरली आणि मला म्हणाल्या, "आबा, तुझा हात दे रे इकडे." माझा सूत काढायचा हात त्यांनी आपल्या डोळ्यांना लावला. मी लाजलो. पण खोटं कशाला सांगू, हात काढून घेतला नाही.

मग रीघ लागली. कुणी माळा आणल्या, त्या काठीवर चढल्या. काठीवर आता दोरे दिसेनात, झेंडूच दिसे. कुणी दूध आणून झाडांच्या बुडाशी ओतलं. बाई "अहो, मुळं कुजतील, अहो, ऐका ना" म्हणत या गमल्याकडून त्या गमल्याकडे जात होत्या. मुलं बिचारी भिंतीला चिकटून उभी. एकटी चिमी माझं उपरणं ओढत होती.

"आबा, आज माझं मोजायचं राहिलं."

"थांब ग राणी. पाहतेस ना किती गर्दी आहे?"

"पण सगळ्यांचं मोजलं. माझा दोरा काढा."

"नंतर."

दुपार होईतो पंचांपैकी तिघे येऊन नमस्कार करून गेले. आणि जाताना विसूभाऊंना सांगून गेले, की इथे आता शाळा भरवणं बरं दिसत नाही. जागा जागृत आहे. गमल्यांभोवती कठडा घालू, समई लावू. मुलांचं पुढे कुठेतरी बघता येईल.

हे विसूभाऊंनी बाईंना सांगितलं तेव्हा मी शेजारी होतो. भिंतीवर मुलांची नावं लिहिलेल्या नऊ पाट्या होत्या, त्यांतली एक वाकडी झाली होती, ती बाईंनी सरळ केली. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडायला लागला. साहेब नाही म्हणाले तर वर्ग जाणार, हे ठाऊक होतं. आता साहेब काहीही म्हणोत, वर्ग जाणारच. आणि तो घालवला मी. कोणत्या पापाने, ते मात्र अजून कळेना. देवी प्रसन्न झाली ती माझ्या सुताला, आणि बेघर झाली नऊ मुलं. हा कसला प्रसाद?

इतक्यात साहेब आले.

डोक्यावर टोप, अंगात कोट, पण माणूस आपलाच, हिंदुस्थानी. उंबऱ्यात थांबले. समोर आठ गमले हळदकुंकवाने माखलेले, एका काठीवर मणभर झेंडू, धूप, नारळ आणि आमच्या गल्लीतली पन्नासएक माणसं अनवाणी.

"ये पाठशाला है या मंदिर?" त्यांनी विचारलं.

"दोपहर तक पाठशाला थी," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ.

साहेबांनी खुर्ची मागितली. बाईंनी सगळं सांगितलं. गाळ, दाणे, दोरे, रोजची बोटभर वाढ आणि आजची चार बोटं.

"आपको क्या लगता है?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मला कारण ठाऊक नाही," बाई हिंदीत म्हणाल्या. "पण एका रात्रीत मका चार बोटं वाढत नाही, एवढं ठाऊक आहे."

गर्दीत कुजबूज झाली. बनूआत्यांनी कानाला हात लावले. विसूभाऊ पुढे होऊन म्हणाले, "हुजूर, आमच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि सूत या आबांच्या हातचं आहे." सगळे माझ्याकडे वळले. आणि तेवढ्यात पुन्हा माझं उपरणं ओढलं गेलं.

"माझं मोजायचं राहिलं."

"ये बच्ची क्या कहती है?" साहेब म्हणाले.

"हिचं झाड आलं नाही," बाईंनी सांगितलं. "म्हणून आम्ही हिलाच मोजतो."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तो नापिए."

बाईंनी झेंडूत हात घालून चिमीचा परवाचा दोरा शोधून सोडवला. चिमी भिंतीशी ताठ उभी राहिली, टाचा जुळवून. बाईंनी खालचं टोक टाचेला लावलं, वरचं डोक्याकडे नेलं. ते डोक्यापर्यंत पोचेचना. हनुवटीशीच संपलं.

चिमीने मान खाली घालून ते टोक पाहिलं.

"मी एवढी वाढले?"

"देवीची कृपा," बनूआत्या पुटपुटल्या. पन्नास हात जोडले गेले. कुणीतरी चिमीच्या पायांवर फूलही टाकलं. चिमीने ते उचलून बाजूला ठेवलं आणि विचारात पडली. मग आपल्या परकराकडे पाहिलं. पुढून पाहिलं, मागे वळून पाहिलं.

"बाई, मी डोक्याएवढी वाढले, तर माझा परकर आखूड का नाही झाला?"

पन्नास माणसं त्या परकराच्या काठाकडे पाहत होती. तो कालच्यासारखाच घोट्यावर होता. साहेबांनी आपला टोप काढून गुडघ्यावर ठेवला.

"तू नाही वाढलीस," बाई हळूहळू म्हणाल्या. "मग काय झालं असेल, चिमे?"

"दोरा छोटा झाला."

बाईंनी दोरा उजेडात धरला. बोटांत फिरवला. खालची बारीक गाठ पाहिली. आणि माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझी स्वतःचीच बोटं मला दिसली. सांजेच्या उजेडात, मांडीवर, एकामागून एक अठ्ठावन्न वेळा. ओलं सूत पिळलं की आखडतं, हे पोटात असल्यापासून मला ठाऊक. जानव्याचं सूत काढताना तेवढी भर आम्ही आधीच धरतो. सकाळी मी त्याच सुताला हात जोडले होते.

गप्प राहिलो असतो तर चाललंही असतं. बनूआत्या अजून माझ्याकडे भक्तीने पाहत होत्या. असं मला आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. पण बाईंच्या मागे त्या नऊ पाट्या होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "पीळ मी दिला."

"काय दिलंत?" विसूभाऊ म्हणाले.

"पीळ. काल. टोकं पिंजली होती, बरं दिसत नव्हतं. सगळ्यांना दिला."

"सगळ्यांना?"

"अठ्ठावन्न."

"आणि सकाळी मी विचारलं तेव्हा म्हणालात, कुणी हात लावला नाही," बाई म्हणाल्या.

"हात कुठे लावला? नुसता पीळ दिला."

साहेबांना बाईंनी हे हिंदीत समजावलं. साहेब मला म्हणाले, "बाबा, करके दिखाइए." मी न पिळलेला दोरा घेतला, चिमीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत बरोबर कापला. खाली बसलो, भिजवला, मांडीवर घेतला. पन्नास माणसांदेखत पीळ दिला, गाठ मारली. पुन्हा चिमीला लावला. हनुवटी.

पहिले साहेब हसले. टोप गुडघ्यावरून घरंगळला, तरी हसत होते. मग मुलं हसली. मग सगळी गल्ली. बनूआत्यांनी तेवढं माझ्या हाताकडे पाहिलं, सकाळी डोळ्यांना लावलेल्या, आणि म्हणाल्या, "नारळ परत दे रे."

तो नारळ तिथेच फोडून मुलांना वाटला. साहेबांनी वहीत बरंच काही लिहिलं, ते बाईंनी मला वाचून दाखवलं. एवढं लक्षात राहिलं, की इथली मुलं मोजतात, आणि मोजलेलं पटलं नाही तर विचारतात. इथल्या मोठ्यांनीही वर्गात यावं. दालन वर्गाचं झालं. भांडी विसूभाऊंकडेच राहिली. दुधाने तीन झाडं गेली, पाच जगली. दोरे सगळे नव्याने लावावे लागले. बाईंनी मला एक शिक्षा दिली, साहेबांच्याच शब्दाने. दुसऱ्या दिवसापासून मी पाटी घेऊन बसायचं, चिमीच्या शेजारी. सत्त्याण्णव मी तिच्याकडून शिकलो.

विसूभाऊ मात्र तीन-चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीपलीकडून झारा पडल्याचा आवाज आला की मी कानावर उपरणं घेई.

मग माघात एका सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. नातवाची मुंज ठरली होती. बोलता बोलता माझी बोटं त्यांच्या उपरण्याकडे गेली, तेव्हा त्यांनी ते शांतपणे ओढून पलीकडच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "आबा, जानवं तुमच्याच हातचं हवं. पण जेवढा पीळ द्यायचा तेवढा घरीच देऊन आणा. ऐन मांडवात पोरगं चार बोटं वाढलं, तर मी दुसरं धोतर कुठून आणू?"